डावीकडे दोन बोटं, उजवीकडे अडीच

पुण्यात धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका रविवारी सकाळी माझा भाचा उकिडवा बसून शिंप्याच्या फितीने गाडी मोजत होता. गाडी फोक्सवॅगनची पोलो, जीटी टीएसआय. आदल्याच आठवड्यात एका गॅरेजमधून ‘लोअर’ करून आणलेली, म्हणजे कंपनीच्या स्प्रिंगा काढून त्या जागी आखूड आणि कडक स्प्रिंगा घातलेली. या हौशी मंडळींत उंची बोटांत मोजतात. टायरचा माथा आणि मडगार्डची कड यांच्यामधल्या फटीत किती बोटं जातात, यावर गाडी किती ‘बसली’ ते ठरतं. डावीकडे दोन बोटं जात होती. उजवीकडे अडीच.

“मामा, गाडी लंगडी झालीये.”

बोटं सोडून फितीने पाहिलं. पुढच्या चाकांपाशी उजवी बाजू १० मिलिमीटर उंच. मागे गेलो, तिथेही उजवीच उंच, ९ मिलिमीटर. भाच्याचा निकाल तयार होता: मागची उजवी स्प्रिंग चुकीची आली आहे, दुकानदाराला फोन करायचा. या निकालाला काडीचाही आधार नव्हता, पण ते त्याला पटवण्यात माझा रविवार गेला.

पोलो तशी आपल्या गावचीच गाडी. चाकणच्या कारखान्याचं उद्घाटन ३१ मार्च २००९ला झालं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथून पोलो बाहेर पडू लागली. २०१३ला जीटी टीएसआय आली: १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती, सात गिअरचा डीएसजी. २०२२मध्ये भारतातली पोलो थांबली, तेव्हा निरोपाला ७०० गाड्यांची ‘लीजेंड एडिशन’ काढली होती. पुण्यातल्या पोरांचा या गाडीवर इतका जीव का, याचं उत्तर सरळ आहे. वजन सुमारे ११०० किलो, ताकद पुरेशी, आणि सुटे भाग मिळतात.

आता ती खाली कशाला करायची? शास्त्र असं की वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जो भार सरकतो, तो गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात असतो. ५५ सेंटिमीटरवरचा गुरुत्वमध्य ३ सेंटिमीटर खाली आणला, तर सरकणारा भार पाच-साडेपाच टक्क्यांनी घटतो. कात्रजच्या जुन्या घाटात एवढं जाणवतं का? जाणकाराला जाणवेल. बाकीचे दिसण्यासाठी करतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. घराला रंग आपण काही फक्त भिंत टिकावी म्हणून देत नाही.

पुण्यात मात्र लगेच गतिरोधकाचा प्रश्न येतो. इथे थोडं गणित करण्यासारखं आहे, कारण नियमाने बांधलेला गतिरोधक खालच्या गाडीलाही त्रास देत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मार्गदर्शिकेत उंचवटा ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या कंसाचा सांगितला आहे. पोलोच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण २.४७ मीटर अंतर. गाडी बरोबर मध्यावर आली की चारही चाकं उंचवट्यावरच असतात, तीही जमिनीपासून साडेपाच सेंटिमीटर उचललेली. म्हणजे पोटाखाली घुसतो तो फक्त साडेचार सेंटिमीटरचा फुगवटा. पोलोचं पोट जमिनीपासून साधारण १६५ मिलिमीटरवर. त्यातून ३५ गेले, हे ४५ गेले, तरी ८५ मिलिमीटर उरतात. पण आमच्या सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक हातभर रुंद आहे आणि चांगला वीतभर उंच भासतो. तिथे चाकं दोन्ही बाजूंनी सपाटीवर येतात आणि मधला अख्खा डोंगर पोटाखाली. घासतं ते गाडी खाली केल्यामुळे नव्हे, उंचवटा अरुंद असल्यामुळे. हे मी सोसायटीच्या सभेत मांडलं होतं. विषय पार्किंगच्या पाट्यांवर गेला.

कायद्याचंही एका दमात सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये कडक लावला: कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाने करायचा नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरसी बुकात उंचीचा रकाना नसतो, पण तेवढ्यावर कोणी निश्चिंत राहू नये.

तर, लंगडी गाडी.

पहिली गोष्ट भाच्याला ऐकायची नव्हती: गाडी मुळातच सरळ नसते. इंजिन एका अंगाला, गिअरबॉक्स दुसऱ्या, बॅटरी एका कोपऱ्यात, आणि आपल्याकडे चालवणारा उजवीकडे. ७० किलोचा माणूस मध्यरेषेपासून हातभर उजवीकडे बसला की त्यातले पन्नासेक किलो उजव्या चाकांवर जातात आणि वीसेक डाव्या. मऊ स्प्रिंगांच्या गाडीत एवढ्याने पाच-सात मिलिमीटरचा झोल पडतो. टायर आणि मडगार्ड यांच्यात चार बोटं असतात तेव्हा तो कोणाला दिसत नाही. फट दोन बोटांवर आली की दिसायला लागतो, कारण चाळीसमध्ये पाच हा फरक डोळा पकडतो, सत्तरमध्ये पाच सोडून देतो. गाडी खाली केल्याने वाकडी झाली असं आपण म्हणतो. पुष्कळदा ती होतीच वाकडी.

हे कारखान्यांना ठाऊक असतं. १९९५मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची जी पहिली ई-क्लास जोडली जाऊ लागली, तिच्या स्प्रिंगांच्या माथ्यावर रबराचा एक जाड पॅड असे. हा पॅड चार जाड्यांत मिळे, आणि ओळखण्यासाठी त्यावर एक, दोन, तीन किंवा चार टिकल्या उठवलेल्या असत. एक टिकली वाढली की जाडी साधारण ५ मिलिमीटरनी वाढे. डावीकडे दोन टिकल्यांचा आणि उजवीकडे तीनचा पॅड असलेली गाडी म्हणजे चुकलेली गाडी नव्हे, नीट जुळवलेली. त्या गाडीत स्प्रिंग चाकापासून बरीच आत, आर्मवर बसते. त्यामुळे ५ मिलिमीटरच्या पॅडचा परिणाम चाकापाशी त्याहून जास्त दिसतो. जुन्या मिस्त्रींना हे तोंडपाठ असे. पॅड न पाहता नवी स्प्रिंग घालणाऱ्याला ते शिव्या घालत.

दुसरी गोष्ट खाटेची. चूल तीन दगडांची असते म्हणून ती कधी डुगडुगत नाही. भुई कशीही असो, तीन टेकू जमतातच. चौथा पाय आला की कटकट सुरू होते. चार पायांच्या खाटेचा एक पाय आखूड असेल, तर ती त्याच्या शेजारच्या दोन पायांच्या कर्णावर झुलते; तुम्ही कुठे बसता त्यावर आखूड पाय टेकतो की त्याच्या समोरचा, ते ठरतं. मोटार ही चार पायांची खाटच, फक्त पायांत स्प्रिंगा घातलेली. त्यामुळे ती डुगडुगत नाही, आणि दोष लपून राहतो.

चारही स्प्रिंगा सारख्या धरू. पुढच्या उजव्या कोपऱ्यात स्प्रिंगेखाली १२ मिलिमीटरची चकती सरकवली तर तो कोपरा किती वर येईल? १२ नव्हे, ९. पुढचा डावा आणि मागचा उजवा, हे शेजारचे दोन कोपरे प्रत्येकी ३ वर येतात. आणि कर्णावर समोर असलेला मागचा डावा कोपरा ३ खाली जातो. आता फीत लावा. पुढे उजवी बाजू डावीपेक्षा ६ने उंच. मागेही उजवी बाजू डावीपेक्षा ६नेच उंच! चकती पुढे घातली, पण झुकली अख्खी गाडी, कारण गाडीचा सांगाडा ताठ आहे. तो अर्धा पुढे एकीकडे आणि अर्धा मागे दुसरीकडे झुकू शकत नाही. भाच्याने मागची उजवी फट पाहून मागच्या उजव्या स्प्रिंगेला दोषी ठरवलं होतं. फीत कूस सांगते, कोपरा सांगत नाही.

याचीच उलटी बाजू अधिक कामाची. फक्त पुढच्या बाजूला १० मिलिमीटरचा फरक आणि मागे बरोबर शून्य, असं माप आलं तर स्प्रिंगांना हात लावायचा नाही. ताठ सांगाडा सपाट जमिनीवर असा उभा राहूच शकत नाही. मग एक तर मडगार्ड वाकडं बसलंय (कधी तरी ठोकलेल्या गाडीत हे हमखास सापडतं), नाही तर जमीन वाकडी आहे. पार्किंगची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उताराची असते. तो उतार सरळ असेल तर मापात फारसं बिघडत नाही. एका चाकाखाली खळगा असेल, म्हणजे फरशी पिळलेली असेल, तर सगळं माप वाया जातं. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्यायची, चार चाकांच्या जागी पातळी पाहायची आणि कमी पडेल तिथे प्लायवुडचे तुकडे घालायचे. मापही जमिनीपासून घेऊ नये, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्यावं. म्हणजे कमी-जास्त हवेचा टायर मध्ये येत नाही. आम्ही हे सगळं केलं. फरक तेवढाच राहिला, पुढे आणि मागे. म्हणजे झोल खरा होता.

आता या झोलाचं वाईट काय? डोळ्याला खुपतो, एवढंच असतं तर मी रविवार घालवला नसता. खरा प्रश्न वजनाचा. वरच्याच उदाहरणात उजवा-पुढचा आणि डावा-मागचा या कर्णावरच्या दोन्ही स्प्रिंगा ३-३ मिलिमीटर जास्त दबल्या, दुसऱ्या कर्णावरच्या ३-३ने सैल झाल्या. स्प्रिंग जितकी दबते तितक्या प्रमाणात ती रेटते. रॉबर्ट हूकने १६७८मध्ये छापलेला हा नियम आजही बदललेला नाही. मऊ स्प्रिंगेला एक मिलिमीटर दाबायला समजा २ किलो लागत असतील, तर ३ मिलिमीटर म्हणजे ६ किलो. पण ट्रॅकसाठी घेतलेल्या कडक, उंची कमी-जास्त करता येणाऱ्या कॉइलओव्हरला मिलिमीटरमागे ६ किलो लागतात. तिथे तेवढीच चकती १८ किलो इकडचे तिकडे करते. पुढे डावीकडे ३३० आणि उजवीकडे ३५०, मागे डावीकडे २०० आणि उजवीकडे २२० किलो, अशी कर्णात तंतोतंत तोललेली गाडी घ्या. चकतीनंतर तिचे आकडे ३१२, ३६८, २१८ आणि २०२ होतात. एका कर्णावर ५८६ किलो, दुसऱ्यावर ५१४. बेरीज तीच, ११००.

अशी गाडी डावीकडे एका तऱ्हेने वळते आणि उजवीकडे दुसऱ्या. जोरात ब्रेक मारला की हलकं झालेलं पुढचं चाक आधी घसरू पाहतं, एबीएस त्या चाकाचा ब्रेक सोडतं, आणि स्टिअरिंग हातात ओढतं. अमेरिकेत अंडाकृती ट्रॅकवर फक्त डावीकडेच वळायचं असतं, म्हणून तिथले लोक हा कर्णाचा फरक मुद्दाम ठेवतात. कात्रजच्या घाटाला दोन्हीकडे वळणं आहेत.

म्हणून स्प्रिंग जितकी कडक, तितका उंचीचा छोटा फरक वजनात महाग पडतो. कंपनीच्या मऊ स्प्रिंगांनी जी चूक पोटात घातली असती, ती कडक स्प्रिंग चाकावर उघडी पाडते. कॉइलओव्हर घालणारे दोन्ही बाजूंना सारखे आटे मोजून कॉलर फिरवतात आणि काम झालं म्हणतात, तेव्हा मला धडकीच भरते.

मग वजन करायचं कुठे? भाचा म्हणाला, मार्केट यार्डात भुईकाटे आहेत. कल्पना वाईट नव्हती. भुईकाट्यावर पुढची दोन चाकं चढवून पुढचं वजन मिळेल, डावी दोन चढवून डावीकडचं. पण या चार आकड्यांतून कर्ण निघत नाही. वरच्या उदाहरणात पुढचं वजन चकतीआधीही ६८० होतं आणि नंतरही ६८०; उजवीकडचं दोन्ही वेळा ५७०. भुईकाटा या चुकीला आंधळा आहे. त्यासाठी चार चाकांखाली चार वेगळे काटे लागतात. रेसच्या गाड्या करणाऱ्या एका ओळखीच्या गॅरेजात ते होते. चालवणाऱ्याच्या सीटवर २५-२५ किलोची तांदळाची तीन पोती ठेवली, दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या अँटी-रोल बारच्या दोन्ही दांड्या सोडल्या (नाही तर तो बार दोन्ही बाजूंचं परस्पर मिटवून टाकतो), गाडी थोडी दाबून सोडली, आणि आकडे वाचले. उजवा-पुढचा आणि डावा-मागचा या कर्णावर दुसऱ्यापेक्षा ४० किलो जास्त.

आता तपास चार कोपऱ्यांवरून दोनवर आला. उजवी कूस उंच, आणि भार उजव्या-पुढच्या कर्णावर. म्हणजे एक तर पुढचा उजवा कोपरा उंच बसलाय किंवा पुढचा डावा खचलाय. मागची उजवी स्प्रिंग निर्दोष सुटली. ती उंच असती तर भार दुसऱ्या कर्णावर दिसला असता. भाचा काही बोलला नाही. दुकानदाराला फोन आधीच करून झाला होता, हे मला नंतर कळलं.

गाडी लिफ्टवर घेतली. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, १९५०मध्ये इंग्लंडात फोर्डच्या कॉन्सल गाडीत आलेली आणि तेव्हापासून जगभरच्या लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांवर ठाण मांडून बसलेली रचना: शॉकअप मध्ये, स्प्रिंग त्याच्याभोवती. स्प्रिंगेचं खालचं टोक बशीसारख्या तबकडीत बसतं. त्या बशीत एक पायरी असते आणि तारेचं कापलेलं टोक त्या पायरीला जाऊन टेकावं लागतं. मिस्त्रीने बॅटरीचा झोत टाकला आणि काही न बोलता बाजूला झाला. उजव्या स्प्रिंगेचं टोक पायरीवर चढून बसलं होतं. तार बोटाएवढी जाड; टोक चढल्यामुळे ती बाजू जवळपास १० मिलिमीटर उचलली गेली होती. स्प्रिंग दाबून, फिरवून टोक जागेवर आणलं. गाडी खाली, थोडी पुढे-मागे ढकलली, फीत. १०चे ५ झाले.

उरलेल्या ५साठी मिस्त्रीने लोअर आर्मचे बोल्ट पाहिले. आर्मच्या बुशमध्ये रबर दोन लोखंडी नळ्यांच्या मध्ये चिकटवलेलं असतं. आतली नळी बोल्टने फ्रेमला आवळलेली, बाहेरची आर्ममध्ये ठोकलेली. आर्म वरखाली होतो तेव्हा कोणताही भाग घसरत नाही, फक्त रबर पिळतं. आता गाडी लिफ्टवर असताना, चाकं हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला, तर रबराला तीच स्थिती सरळ वाटते. गाडी जमिनीवर आली की ते पिळलं जातं, सुटू पाहतं आणि गाडीला त्या कोपऱ्यात वर रेटत राहतं. एखादी चोरून बसवलेली स्प्रिंगच म्हणा. काही महिन्यांत ते रबर फाटतं, ते वेगळं. बोल्ट नेहमी चाकांवर वजन घेऊनच शेवटचा आवळायचा, हे प्रत्येक कंपनीच्या पुस्तकात असतं. पण लिफ्टवर पाना फिरवायला मोकळी जागा असते आणि खाली रॅम्पवर झोपून आवळायचं तर पाठ जाते. आमच्या गाडीत डाव्या बाजूचा बोल्ट आवाज येतो म्हणून नंतर जमिनीवर पुन्हा आवळलेला होता. उजवा तसाच राहिलेला. मिस्त्री रॅम्पखाली गेला, पाना लावला. खणकन आवाज आला आणि मडगार्ड डोळ्यांदेखत किंचित खाली बसलं. पुन्हा टॉर्क पान्याने आवळलं. फीत: ३.

“तीन अजून आहेतच की,” भाचा म्हणाला.

मिस्त्रीने तांदळाची पोती केव्हाच काढून ठेवली होती. त्याने भाच्याला गाडीत बसायला सांगितलं, दार लावून घेतलं आणि पोऱ्याला फीत धरायला लावली. पुढे शून्य. मागे एक, पण मागच्या मडगार्डवर कधीच्या एका खांबाची आठवण होती, त्यामुळे ते कोणी मनावर घेतलं नाही.

भाचा खुशीत काच खाली करून म्हणाला, “चल ना मामा, एक चक्कर मारू.”

मी डावीकडे जाऊन बसलो. पोऱ्याने न सांगताच पुन्हा फीत लावली आणि तीन बोटं वर केली.